जे बिल मी दिलेच नव्हते

सिरसाळ्यात कुणाचे दुखणे हाताबाहेर गेले की घरातून एकच वाक्य निघते, 'अंबाजोगाईला न्या.' रात्री-अपरात्री जीप ठरवून, शेजाऱ्याकडून उसने पैसे घेऊन माणसे स्वामी रामानंद तीर्थ शासकीय रुग्णालयात पोहोचतात. खासगी दवाखान्याचे बिल ज्यांना झेपत नाही, त्या परळी, धारूर, केज, माजलगावच्या सगळ्या गोरगरिबांचा आधार हाच.

डिसेंबर २०२४ मध्ये याच रुग्णालयाची बातमी राज्यभर गाजली. रुग्णालयाला २०२३ मध्ये पुरवलेल्या ॲझिथ्रोमायसिन ५०० या प्रतिजैविकाच्या गोळ्या तपासणीत बनावट निघाल्या. गोळीचा रंग होता, आकार होता, पाकिटावर नाव होते, बॅच क्रमांक होता. ॲझिथ्रोमायसिन मात्र नव्हते. पुरवठा साखळीतल्या चार जणांवर अंबाजोगाईत गुन्हा दाखल झाला. खरेदी आणि गुन्हा यांच्यामध्ये वर्षाहून जास्त काळ गेला होता.

घशाचा, छातीचा, त्वचेचा संसर्ग झाला की डॉक्टर हे औषध देतात. या गोळ्या ज्यांच्या हातात पडल्या, त्यांनी त्या वेळेवर घेतल्या असतील. ताप उतरला नाही तेव्हा त्यांनी काय म्हटले असेल? 'सरकारी दवाखान्यात गुणच येत नाही.' किंवा 'दुखणेच अवघड आहे.' किंवा 'नशीब.' गोळी खोटी असेल हे कुणाच्या मनातही आले नसेल. मग कुणी कर्ज काढून खासगीत गेले असेल, कुणी घरीच थांबले असेल. त्यांची यादी कुठेच नाही.

नागपूरचे प्रकरण याच्या थोडे आधीचे. तिथल्या शासकीय रुग्णालयांत सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या बनावट निघाल्या. पाकिटावर गुजरातमधल्या ज्या कंपनीचे नाव होते, ती कंपनी अस्तित्वातच नव्हती. सप्टेंबर २०२४ मध्ये नागपूर ग्रामीण पोलिसांनी न्यायालयात दोषारोपपत्र दाखल केले. हरिद्वारमधल्या जनावरांच्या औषधांच्या एका प्रयोगशाळेत टाल्कम पावडर आणि स्टार्च मिसळून या गोळ्या बनवल्या गेल्या, असे त्यात म्हटले आहे. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. पण पद्धत समजून घेण्यासारखी आहे. रुग्णालयाने पुरवठादाराकडून माल घेतला, त्याने दुसऱ्याकडून, दुसऱ्याने तिसऱ्याकडून. प्रत्येकाकडे आपल्या मागच्याचे कागद होते. माल मुळात कुठून आला हे मात्र कुणी पाहिले नाही.

अशी बातमी वाचली की आपल्याला राग येतो आणि तो योग्यच आहे. माझ्या बाबतीत मात्र या रागाच्या पाठोपाठ एक जुनी आठवण येते आणि मला गप्प बसवते. ती आज सांगतो.

मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. सुट्टीत गावी आलो की चुलतभावासोबत बाजारात मोबाइलच्या वस्तूंचा गाळा मांडायचो. चार्जर, हेडफोन, कव्हर, बॅटऱ्या. माल शहरातल्या एका होलसेलवाल्याकडून यायचा. बॅटरीवर मोठ्या कंपनीचे नाव, होलोग्रामसुद्धा. घाऊक भाव इतका कमी होता की ती खरी नाही हे मला पहिल्या दिवशीच कळले होते. मी इलेक्ट्रॉनिक्सचा एक पेपर पास झालेला मुलगा, मला कळणार नाही तर कुणाला? तरी विकल्या. फीचे पैसे त्यातून निघत होते आणि 'सगळेच विकतात' हे वाक्य तयार होते.

दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघालेल्या एका माणसाने माझ्याकडून बॅटरी नेली. कारखान्यावर पाच-सहा महिने राहायचे, घरी म्हातारी आई, म्हणून फोन चालू राहायला हवा होता. पाडव्याच्या सुमारास टोळ्या परतल्या आणि तो पुन्हा गाळ्यावर आला. फुगून फुटायला आलेली बॅटरी त्याने माझ्यासमोर ठेवली. म्हणाला, 'भाई, तुमच्याकूनच नेली होती. आठ दिसात गेली. माय आजारी पडली तवा घरचा फोन लागलाच न्हाई मला.'

मी त्याला विचारले, 'बिल आहे का?'

बिल मी दिलेच नव्हते. कुणालाच देत नव्हतो. हे मला माहीत होते आणि त्यालाही. तो थोडा वेळ उभा राहिला, बॅटरी तिथेच ठेवून निघून गेला. भांडला नाही, पैसे मागितले नाहीत. त्याच्या आईचे पुढे काय झाले हे मी विचारले नाही. त्याचे नावही मला माहीत नव्हते. गाव कुठले, तांडा कुठला, काहीच नाही.

आज मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पगार बरा आहे. ती फी केव्हाच फिटली. तो प्रश्न मात्र तिथेच आहे.

तरुण मित्रांनो, नकली मालावर बोलताना आपण स्वतःला नेहमी ग्राहकाच्या बाजूला उभे करतो. पण आपल्या वस्त्यांकडे नीट पाहा. आपल्यातले किती जण गाळ्याच्या आतल्या बाजूला आहेत? मोबाइल दुरुस्ती, गॅरेज, स्पेअर पार्ट, कपडे, चपला, अत्तर, इलेक्ट्रिकल, फळे. नोकरीचे दरवाजे अरुंद, म्हणून आपला समाज छोट्या धंद्यावर जगतो. त्यामुळे हा विषय आपल्यासाठी दुहेरी आहे. आपण फसतोही आणि फसवतोही, कधी जाणून, कधी डोळे मिटून.

नकली वस्तूचे नुकसान तिच्या किमतीएवढेच असते, हा आपला पहिला गैरसमज. शेतकऱ्याला विचारा. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात हजारो शेतकऱ्यांचे सोयाबीन उगवलेच नाही. तक्रारींचा इतका पाऊस पडला की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्यात सगळेच बियाणे बनावट होते असे नाही, काही निकृष्ट होते. शेतात उभ्या माणसाला मात्र दोन्हींचा अर्थ एकच. पिशवीचे पैसे गेले ते सोडा. नांगरट, पाळी, खत, पेरणीची मजुरी गेली. दुबार पेरणीसाठी पुन्हा कर्ज आले. आणि मृगाची ओल गेली, जी कुठल्याच दुकानात मिळत नाही. पिशवीमागे काही रुपये वाचवणारा किंवा कमावणारा माणूस दुसऱ्याचा अख्खा हंगाम गिळतो.

गॅसचा नकली रेग्युलेटर, हलक्या तारेची केबल, बनावट ब्रेक-लायनर, खोट्या शिक्क्याचे हेल्मेट यांचा हिशेबही असाच. यातली एकही वस्तू दुकानात निकामी होत नाही. ती नको त्या वेळी निकामी होते, स्वयंपाकघरात, घाटात, पावसाळ्याच्या रात्री.

दुसरा गैरसमज असा, की यात नुकसान झालेच तर मोठ्या कंपन्यांचे होते आणि त्यांना काय कमी आहे. मोठ्या कंपन्यांचे नुकसान होतेच. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना अर्थात ओईसीडी आणि युरोपीय संघाची बौद्धिक संपदा संस्था यांनी २०२५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार २०२१ मध्ये जगात ४६७ अब्ज डॉलरच्या नकली मालाचा व्यापार झाला, म्हणजे जागतिक आयातीच्या २.३ टक्के. पण सिरसाळ्यात त्याचा फटका आधी बसतो तो शेजारच्या प्रामाणिक दुकानदाराला.

समजा, एका चौकात दोन दुकाने आहेत. एक जण कंपनीचा माल अधिकृत वितरकाकडून घेतो, जीएसटी भरतो, बिल देतो. चारशेचा चार्जर विकून त्याला चाळीस रुपये सुटतात. दुसरा सत्तरला नकली चार्जर आणतो आणि 'ओरिजिनलच आहे, आपल्यासाठी भाव कमी' म्हणत अडीचशेला विकतो. त्याला एकशे ऐंशी सुटतात आणि गिऱ्हाइकही त्याच्याकडेच जाते. वर लोक पहिल्यालाच म्हणतात, 'तू लुटतोस.' पहिल्यापुढे दोनच रस्ते उरतात. शटर ओढायचे, नाहीतर दुसऱ्यासारखे व्हायचे. नकली माल एकदा बाजारात घुसला की तो आधी प्रामाणिक माणसाला बाहेर काढतो. मग खरी वस्तू हवी असलेल्यालाही ती मिळत नाही.

आणि दुकानदारही फसतोच. पैसे गेल्याचा हुबेहूब खोटा पडदा दाखवणारी ॲप वापरून सामान घेऊन जाणारे भामटे आता तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले आहेत. काउंटरवरच्या क्यूआर कोडवर रात्रीतून आपला कोड चिकटवणारेही आहेत. फसवणुकीची सवय लागलेल्या बाजारात कुणीच सुरक्षित राहत नाही.

मग तो नेहमीचा युक्तिवाद येतो, 'गरिबाला खरे परवडत नाही, आम्ही त्याची सोय करतो.' मीही हेच म्हणत होतो. याची परीक्षा सोपी आहे. स्वस्त वस्तू विकणे गुन्हा नाही. बिननावाची बॅटरी बिननावाची म्हणून विका, 'ही साधी आहे, तीन महिने चालेल, कंपनीची नाही' असे सांगा, गिऱ्हाईक ठरवील. पण त्यावर दुसऱ्याचे नाव छापायची गरज का पडते? खरे सांगितले तर तो भाव मिळणार नाही, हे आपल्याला ठाऊक असते म्हणून. नफा त्या खोट्या नावाचा असतो. गरिबाची सोय हे फक्त निमित्त.

'फर्स्ट कॉपी' हा शब्दही असाच. नकलीला पहिला नंबर दिला म्हणजे ती अस्सल होत नाही. घेणाऱ्याला माहीत आहे म्हणून चालते, असे अनेकांना वाटते. कायद्याला ते चालत नाही. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार खोट्या चिन्हाचा माल विकणाऱ्यालाही सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. छापा पडतो तेव्हा होलसेलवाला सापडत नाही. सापडतो तो काउंटरवर बसलेला विशीतला पोरगा.

आपल्या दीनमध्ये हा विषय किरकोळ नाही. कुरआनमधली एक सूरह, अल-मुतफ्फिफीन, तिच्या नावातच माप मारणारे आहेत. घेताना पुरेपूर मोजून घेणारे आणि देताना कमी देणारे, त्यांच्या धिक्कारानेच ती सुरू होते. प्रेषित शुऐब (अ.) ज्या मदयनच्या लोकांकडे आले, त्यांना एकेश्वरत्वासोबतच वजन-माप सरळ ठेवण्याची शिकवण दिली गेली.

प्रेषित मुहम्मद (स.) यांची बाजारातली हकीकत आपण लहानपणापासून ऐकली आहे. धान्याच्या ढिगात त्यांनी हात घातला, तर आतले धान्य ओले. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. त्यावर प्रेषितांनी (स.) विचारले, मग ओले धान्य वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते? आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाही असे स्पष्ट सांगितले. ओले धान्य विकू नकोस असे त्यांनी त्या माणसाला सांगितले नाही, हे लक्षात घ्या. दोष लपवू नकोस, एवढेच सांगितले. माझ्या बॅटरीच्या गाळ्याला हीच कसोटी लागू होती.

याहून कठीण गोष्ट हक्कुल-इबादची आहे. अल्लाहचा हक्क चुकला तर तौबा आहे. बंद्याचा हक्क मारला तर तो परत करावा लागतो किंवा त्याच्याकडून माफी घ्यावी लागते. नमाज, रोजे, जकात घेऊन आलेला माणूसही कयामतच्या दिवशी कंगाल ठरू शकतो, कारण ज्यांचे हक्क त्याने मारले ते त्याच्या नेक्या घेऊन जातात. मुफलिस कोण, याचे हे उत्तर प्रेषितांचे (स.) आहे.

आता नकली माल विकणाऱ्याची स्थिती पाहा. चोराला निदान माहीत असते की घर कुणाचे फोडले. नकली गोळी, नकली बियाणे, नकली बॅटरी विकणाऱ्याला ते कधीच कळत नाही. माल शंभर हातांत गेला. त्यातल्या कुणाचा ताप उतरला नाही, कुणाचे शेत उगवले नाही, कुणाला आईची खबर मिळाली नाही, हे त्याला ठाऊक नाही. माफी मागायची तर कुणाच्या दारात जायचे? म्हणून मला हा गुन्हा चोरीपेक्षा जड वाटतो.

नकली माल नेहमी वस्तूच असतो असेही नाही. कधी विश्वासाचीच नक्कल होते. 'हलाल गुंतवणूक' हे शब्द आठवा. बंगळुरूची आयएमए २०१९ मध्ये कोसळली. व्याज नको, नफ्यात वाटा, असे सांगून हजारो मुस्लिम कुटुंबांच्या ठेवी घेतल्या होत्या. विधवांचे, लेकींच्या लग्नाचे, हजसाठी साठवलेले पैसे त्यात होते. तिचा प्रमुख दुबईला गेला आणि परतताच दिल्लीत अटक झाला. हीरा गोल्ड या समूहाच्या प्रमुखांना त्याच्या आदल्याच वर्षी फसवणुकीच्या आरोपाखाली अटक झाली होती. आणि आपल्या बीडमध्ये ज्ञानराधा मल्टिस्टेट. जास्त व्याजाच्या आशेने शेतकऱ्यांनी, शिक्षकांनी, निवृत्तांनी ठेवी ठेवल्या, २०२३ मध्ये पैसे मिळणे थांबले आणि २०२४ मध्ये संस्थेचे अध्यक्ष अटकेत गेले. एकीकडे धर्माचे नाव, दुसरीकडे जिल्ह्यातल्या ओळखीचे. लेबल वेगवेगळे. लेबल पाहून आतले तपासायचे नाही, ही लोकांची सवय मात्र दोन्हीकडे कामी आली.

इथे एक नाजूक गोष्ट बोलणे भाग आहे. आपल्यातला कुणी पकडला गेला की काही लोक सगळ्या समाजाला आरोपी करतात, त्यांच्याकडून खरेदीच करू नका अशी हाक देतात. हे अन्यायाचे आहे. वर सांगितलेल्या प्रकरणांतले आरोपी कुठल्या एका धर्माचे नाहीत आणि फसलेलेही नाहीत. पण या अन्यायाला उत्तर म्हणून आपण आपल्या माणसाच्या नकली मालावर पांघरूण घालायचे का? तसे केले तर शेजारचा प्रामाणिक दुकानदारही त्याच पांघरुणाखाली जातो. बहिष्काराला खरे उत्तर एकच. ज्या दुकानातून कुणीही, कुठल्याही धर्माचा माणूस, आंधळ्या म्हातारीलासुद्धा पैसे देऊन पाठवील, असे दुकान.

आता माझ्या क्षेत्राबद्दल थोडे. लोक मला विचारतात, 'क्यूआर कोड आहे, म्हणजे खरे ना?' नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून देशातल्या ३०० प्रमुख औषध-ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला. त्यात औषधाचे व उत्पादकाचे नाव, बॅच, उत्पादनाची व मुदतीची तारीख, परवाना क्रमांक मिळतो. चांगली गोष्ट आहे. पण क्यूआर कोड म्हणजे शेवटी छापलेला मजकूर. जो पाकीट हुबेहूब छापू शकतो, तो कोडही छापू शकतो. एका खऱ्या पाकिटाचा कोड हजार खोट्या पाकिटांवर टाकला, तरी प्रत्येक वेळी स्कॅन 'खरे' दाखवील. कोडला अर्थ तेव्हा येतो, जेव्हा प्रत्येक पाकिटाचा क्रमांक वेगळा असतो आणि तो कुठे विकला गेला याची नोंद मागे ठेवलेली असते. तोवर स्कॅन करा, माहिती पाकिटावरच्या मजकुराशी जुळवा, उघडलेला पत्ता कंपनीचाच आहे का पाहा, आणि एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. यंत्र मदत करते, पण खात्री देतो तो बिलावर सही करणारा माणूस.

काही तपासण्या मात्र खरोखर उपयोगी आहेत. भारतीय मानक ब्युरोचे 'बीआयएस केअर' हे ॲप फोनवर घ्या. हेल्मेट, वायर, रेग्युलेटर यांच्या आयएसआय चिन्हासोबतचा परवाना क्रमांक, चार्जर आणि पॉवर बँकवरचा 'आर' पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक, दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, हे सगळे त्यात टाकून पाहता येते. अम्मीसाठी बांगडी घेताना सोनारासमोरच तपासा, लाजू नका.

घरी शेती असेल तर पेरणीआधी सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. सत्तरच्या वर उगवले तर बियाणे पेरण्याजोगे. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळा टॅग असतो. तो टॅग, रिकामी पिशवी, बिल आणि मूठभर बियाणे जपून ठेवा. उगवण झाली नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, तक्रार निवारण समिती शेतात येऊन पंचनामा करते. बिलाशिवाय हा पंचनामा लंगडा पडतो.

कायदा कुठे बळकट आहे आणि कुठे कमजोर, हेही माहीत असू द्या. बनावट औषधामुळे मृत्यू किंवा गंभीर इजा झाली तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात किमान दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. आणि १९६६ च्या बियाणे कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती? जास्तीत जास्त ५०० रुपये. ज्याचा हंगाम बुडाला त्याच्या एका दिवसाच्या मजुरीएवढा. या आकड्यावर आपल्या आमदार-खासदारांना प्रश्न विचारणे हे आपल्यासारख्या नागरी चळवळीचे काम आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मात्र आपल्या हातात बरेच काही देतो. बिल न देणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तूचा उत्पादक कोण हेच कळत नसेल, तर विक्रेताच जबाबदार धरला जातो. म्हणजे 'मलाच होलसेलवाल्याने फसवले' हे उत्तर पुरत नाही. तुमच्या खरेदीचे पक्के बिल हेच तुमचे संरक्षण. तक्रार घटनेपासून दोन वर्षांत जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, आपल्यासाठी ते बीडला. वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, पुष्कळ तक्रारी तिथेच मिटतात. ऑनलाइन पैसे गेले असतील तर एक मिनिट न दवडता १९३०. आणि पैसे मिळवण्यासाठी कधीच पिन टाकावा लागत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला आजच सांगा.

हे सगळे वाचून कुणी म्हणेल, आम्ही सिरसाळ्यात काय करणार? तीन गोष्टी. जो तरुण दुकानात बसतो त्याने एक बिलबुक घ्यावे आणि दहा रुपयांच्या वस्तूचेही न मागता बिल द्यावे. जो कॉलेजात शिकतो त्याने जुम्यानंतर तासभर फोन घेऊन बसावे, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या औषधाच्या पाकिटाची मुदत, बियाण्याचा टॅग, ठेवीची पावती वाचून द्यावी. मशिदीत येणाऱ्यांसाठीच नव्हे, बाजारात येणाऱ्या कुणासाठीही. आणि ज्याच्या गाळ्यात आज नकली माल पडला आहे, त्याने तो विकून संपवू नये. तोटा सोसावा. हा तोटा मी तेव्हा सोसला नाही, तो अजून चालू आहे.

हक्कदार सापडत नसेल तर त्याच्या नावाने तेवढी रक्कम सदका करावी, पण तो कधी समोर आला तर त्याचे देणे उरतेच, असे अनेक उलमा सांगतात. रक्कम मी काढली आहे. किती बॅटऱ्या विकल्या याचा हिशेब मात्र माझ्याकडे नाही, कारण बिले नव्हती. अंदाजापेक्षा जास्तच धरले.

तरी दरवर्षी टोळ्या परतण्याच्या दिवसांत गावी असलो की बाजारात थोडा वेळ उभा राहतो. तो आता पन्नाशीचा असेल, चेहराही मला नीट आठवत नाही. भेटला तर पैशांआधी त्याच्या आईचे विचारायचे आहे.